ईमॅक्समध्ये कमिट करताना फाइली कशा निवडायच्या

टर्मिनलमध्ये गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) शिकलेल्या माणसाला एक क्रम पाठ झालेला असतो. आधी गिट ॲड करून फाइली गोळा करायच्या, मग गिट कमिट करायचं, म्हणजे ते बदल एका संदेशासह इतिहासात नोंदवायचे. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या सोबत येणारी व्हीसी (व्हर्जन कंट्रोल) ही सोय वापरायला घेतली की यातली पहिली पायरी गायबच होते. कंट्रोल-एक्स व्ही व्ही दाबलं की थेट संदेश लिहायची खिडकी समोर येते. नवा माणूस तिथेच थबकतो, कारण संदेश तर मागतायत, पण कमिट नेमकं कशाचं होणार आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

ते ठरलेलं असतं. कळ दाबली तेव्हा तुम्ही कोणत्या बफरमध्ये (ईमॅक्समध्ये उघडलेल्या फाइलीत किंवा यादीत) होता आणि तिथे कशावर खूण केली होती, यावरून व्हीसी फाइलींचा एक गट ठरवतं. या गटाला ईमॅक्सच्या भाषेत फाइलसेट म्हणतात. तो बहुतेक वेळा बरोबर निघतो, आणि म्हणूनच नको ती फाइल आत गेली तरी पटकन लक्षात येत नाही. हा लेख त्या गटाबद्दल आहे: तो कसा ठरतो, कसा बदलायचा आणि कमिटच्या आधी डोळ्यांखालून कसा घालायचा.

कळांबद्दल आधी सांगून ठेवतो. कंट्रोल-एक्स व्ही व्ही म्हणजे कंट्रोल धरून एक्स, मग दोन्ही कळा सोडून व्ही आणि पुन्हा व्ही. मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डांवर आल्ट. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं लिहिलं आहे, आणि तो फरक मनावर घ्या. व्हीसीत लहान एल आणि कॅपिटल एल या दोन वेगळ्या आज्ञा आहेत.

उदाहरणासाठी एक दिवाळी अंक

समजा चारपाच मित्र मिळून ऑनलाइन दिवाळी अंक काढताय आणि सगळा मजकूर एका गिट रिपॉझिटरीत आहे. अनुक्रमणिका.ऑर्ग, संपादकीय.ऑर्ग, मांडणी.सीएसएस आणि कथा नावाचं फोल्डर. कथामध्ये पाऊस.ऑर्ग ही जुनी फाइल आहे आणि शेवटची-एसटी.ऑर्ग ही आजच आलेली नवी कथा आहे. शिवाय बाहेरच्या मुख्य फोल्डरात कुणीतरी जाहिरातींचा-हिशेब.टीएक्सटी ठेवून दिलं आहे. ते रिपॉझिटरीत जाता कामा नये. दिवाळी अंकाच्या जाहिरातींचा हिशेब चारचौघांत कुणी मांडत नाही.

फाइलींची नावं देवनागरीत ठेवली आहेत. ईमॅक्सला त्याचं काही वाटत नाही, पण गिटला वाटतं. नाव साध्या रोमन अक्षरांत नसेल तर गिट ते अवतरणचिन्हांत घालून उलट्या तिरप्या रेघा आणि आकडे अशा रूपात दाखवतं. गिट स्टेटसमध्ये 'पाऊस' ओळखूच येत नाही. टर्मिनलमध्ये एकदा गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स ही आज्ञा (अर्थात रोमन अक्षरांत) दिली की नावं जशीच्या तशी दिसतात. फाइली निवडायच्या तर त्यांची नावं आधी वाचता यायला हवीत, तेव्हा हे काम आत्ताच उरकून घ्या.

मोडलाइनकडे बघायची सवय

कोणतीही फाइल उघडा आणि खिडकीच्या तळाच्या ओळीकडे, म्हणजे मोडलाइनकडे, पाहा. तिथे गिट हा शब्द, मग एक चिन्ह आणि मग ब्रँचचं नाव दिसेल. त्या मधल्या चिन्हात सगळी माहिती आहे. आडवी रेघ असेल तर फाइल शेवटच्या कमिटसारखीच आहे. विसर्गासारखी दोन टिंबं असतील तर तिच्यात बदल आहेत. उद्गारचिन्ह असेल तर मर्ज करताना संघर्ष झालाय किंवा फाइल रिपॉझिटरीतून काढली आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे गिटच्या नोंदीत फाइल आहे, पण डिस्कवर सापडत नाही. गिट हा शब्दच नसेल तर ती फाइल अजून नोंदलेली नाही.

आता पाऊस.ऑर्ग उघडी आहे, मोडलाइनवर दोन टिंबं आहेत, आणि तुम्ही कंट्रोल-एक्स व्ही व्ही दाबता. काय कमिट होईल? फक्त पाऊस.ऑर्ग. अनुक्रमणिकेत केलेला बदल तसाच बाहेर राहील, गिट ॲड करून ठेवला असला तरी. फाइलच्या बफरमधून दिलेली आज्ञा त्या एका फाइलीपुरतीच असते.

एकाच फाइलीत काम असेल तेव्हा यासारखी सोय नाही. शुद्धलेखन सुधारलं, कळ दाबली, एक ओळ लिहिली, झालं. पण कथेचं नाव कथेत बदललं आणि अनुक्रमणिकेतही बदललं, तर दोन्ही एकाच कमिटमध्ये हवेत. नाहीतर मधल्या कमिटवर येऊन कुणी अंक तयार केला तर अनुक्रमणिकेत एक नाव आणि आत दुसरंच, असा घोळ होतो.

हा एका फाइलीचा हिशेब जुन्या काळातून आला आहे. एरिक रेमंड यांनी व्हीसी १९९२ च्या सुमारास लिहिलं तेव्हा आरसीएस आणि एससीसीएस या गिटच्या आधीच्या प्रणाली चालायच्या, आणि त्यात प्रत्येक फाइलीचा इतिहास वेगळा असायचा. एकाच बदलात अनेक फाइली ही कल्पना रुळल्यावर व्हीसीलाही बदलावं लागलं. २००९ च्या ईमॅक्स २३.१ पासून फाइलसेट आला आणि त्याच्याबरोबर पुढे सांगितलेली यादीही. कळ मात्र जुनीच राहिली, म्हणून सुरुवातीला गोंधळ होतो.

खरं काम यादीत

कंट्रोल-एक्स पी व्ही दाबा. ईमॅक्स २८ पासून ही कळ चालू प्रकल्पाची यादी थेट उघडते. त्याआधीची आवृत्ती असेल तर कंट्रोल-एक्स व्ही डी दाबा. ती फोल्डर विचारते, तिथे रिटर्न दाबलं की झालं. उघडणाऱ्या बफरला व्हीसी-डिर म्हणतात. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने पहिले काही महिने कमिट इथूनच करावं. एका फाइलीचं असलं तरी.

वरच्या ओळींत बॅकएंड (इथे गिट), फोल्डर आणि ब्रँच लिहिलेली असते. ती वाचा. दोन रिपॉझिटऱ्या उघड्या असताना भलत्याच यादीत काम करत बसणं फार सोपं आहे. त्याखाली ज्यांच्यात काही घडलंय त्या फाइली येतात. ज्यांच्यात बदल नाही त्या गिटच्या बाबतीत इथे येतच नाहीत. आपल्या अंकाची यादी साधारण अशी दिसेल:

एडिटेड — अनुक्रमणिका.ऑर्ग
एडिटेड — मांडणी.सीएसएस
अनरजिस्टर्ड — जाहिरातींचा-हिशेब.टीएक्सटी
एडिटेड — कथा/पाऊस.ऑर्ग
अनरजिस्टर्ड — कथा/शेवटची-एसटी.ऑर्ग

पडद्यावर हे शब्द रोमन लिपीत असतील, आणि फोल्डरांच्या ओळीही मधेमधे दिसतील. प्रत्येक ओळीच्या डावीकडे खुणेसाठी जागा असते.

या बफरमध्ये नियम एकच आहे. खुणा केल्या असतील तर खूण केलेल्या फाइली. एकही खूण नसेल तर कर्सर ज्या ओळीवर आहे ती. कर्सर फोल्डरच्या ओळीवर असेल तर त्या फोल्डरखाली यादीत दिसणाऱ्या सगळ्या फाइली.

यातलं पहिलं वाक्य पुन्हा वाचा. एक जरी खूण असली तरी कर्सर कुठे आहे याला काही किंमत उरत नाही. यादी लांब असते, वर कुठेतरी अर्ध्या तासापूर्वी केलेली खूण पडद्याबाहेर गेलेली असते, तुम्ही खाली येऊन एका फाइलीवर कर्सर ठेवून व्ही दाबता, आणि आज्ञा वरच्या फाइलीवर चालते. म्हणून निवड सुरू करण्याआधी पाटी कोरी करून घ्या: कंट्रोल-यू, मग कॅपिटल यू. सगळ्या खुणा जातात.

खुणा करण्याच्या कळा थोड्याच आहेत. एम दाबलं की ओळीवर तारा येतो आणि कर्सर पुढच्या ओळीवर सरकतो. यू दाबलं की तारा जातो. काही ओळी सिलेक्ट करून एम दाबलं तर त्या सगळ्यांवर खूण होते. कॅपिटल एम जास्त हुशार आहे: कर्सर एडिटेड फाइलीवर असेल तर यादीतल्या सगळ्या एडिटेड फाइलींवर खूण होते आणि अनरजिस्टर्डना धक्काही लागत नाही. फोल्डरच्या ओळीवर कॅपिटल एम दाबलं तर त्यातल्या फाइलींवर खूण होते. नुसतं कॅपिटल यू हे कॅपिटल एमच्या उलटं, एकाच स्थितीतल्या सगळ्यांच्या खुणा काढतं. ईमॅक्स २८ पासून तारा आणि आर या दोन कळा लागोपाठ दाबल्या की गिटला माहीत असलेल्या, बदललेल्या सगळ्या फाइली निवडल्या जातात. हिशेबाची फाइल आपोआप बाहेर राहते.

फोल्डरच्या ओळीवर साधं एम दाबलं तर अख्ख्या फोल्डरवर खूण होते, आणि मग त्यातल्या एखाद्या फाइलीवर वेगळी खूण करायला गेलात तर ईमॅक्स नकार देतं. उलटही तसंच: आतल्या फाइलीवर खूण असेल तर फोल्डरवर करता येत नाही. आधीची खूण काढा आणि पुढे जा.

एक कमिट, पहिल्यापासून शेवटपर्यंत

ठरवूया की नवी कथा आणि अनुक्रमणिकेतली तिची नोंद एका कमिटमध्ये घालायची. पाऊसमधली दुरुस्ती आणि मांडणीचे बदल नंतर बघू.

जुन्या खुणा काढल्या. आता अनुक्रमणिकेवर एम, शेवटची-एसटीवर एम, आणि व्ही. ईमॅक्स अडतं. एक फाइल एडिटेड, दुसरी अनरजिस्टर्ड, दोघींची स्थिती जुळत नाही अशी तक्रार येते. नवखा माणूस इथे हमखास वैतागतो, पण तक्रार रास्त आहे. व्ही ही कळ 'कमिट कर' असं सांगत नाही, 'या फाइलीचं पुढचं जे पाऊल असेल ते टाक' असं सांगते. नोंद नसलेल्या फाइलीचं पुढचं पाऊल म्हणजे नोंदणी, बदललेल्या फाइलीचं पुढचं पाऊल म्हणजे कमिट. दोघी एकत्र दिल्या तर त्याने काय करावं?

तेव्हा क्रम असा. कंट्रोल-यू कॅपिटल यू करून खुणा पुन्हा काढा. कर्सर शेवटची-एसटीवर न्या आणि आय दाबा. ओळीतला अनरजिस्टर्ड शब्द जाऊन ॲडेड येईल. गिटच्या भाषेत हे गिट ॲडच झालं. आता दोन्हींवर एम करा. एडिटेड, ॲडेड आणि रिमूव्ह्ड या तीन स्थिती एका कमिटमध्ये गुण्यागोविंदाने नांदतात, बाकीच्या नाहीत.

लगेच व्ही दाबू नका. आधी बरोबरचं चिन्ह दाबा. निवडलेल्या फाइलींचा, आणि फक्त त्यांचाच, डिफ उघडतो, म्हणजे त्यांत काय काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. नवी कथा पूर्ण हिरवी दिसेल, अनुक्रमणिकेत एखादी ओळ वाढलेली दिसेल. वाचून झालं की क्यू दाबून डिफ बंद करा आणि यादीत परत या. हे परत येणं महत्त्वाचं आहे, कारण डिफच्या खिडकीत असतानाच कंट्रोल-एक्स व्ही व्ही दाबलं तर नियम बदलतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आता व्ही. फाइलीतला बदल सेव्ह केलेला नसेल तर ईमॅक्स आधी सेव्ह करू का विचारतं, हो म्हणा. मग संदेशाचं बफर उघडतं आणि वर समरी असं लिहिलेली ओळ असते. तिथे एका ओळीत काय केलं ते लिहा. जास्त सांगायचं असेल तर खाली लिहा. बरोबरीने एका छोट्या खिडकीत निवडलेल्या फाइलींची यादीही दिसते. ती दिसत नसेल किंवा तुम्ही बंद केली असेल तर कंट्रोल-सी कंट्रोल-एफ दाबा. कंट्रोल-सी कंट्रोल-डी दाबलं तर डिफ पुन्हा दिसतो.

ही यादी वाचायला दोन सेकंद लागतात आणि या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर कंट्रोल-सी कंट्रोल-एफ ठेवा. बफर, खुणा, कर्सर या सगळ्यांचं जे काही उत्तर निघालं ते इथे नावानिशी लिहिलेलं असतं.

यादी बरोबर असेल तर कंट्रोल-सी कंट्रोल-सी. झालं कमिट.

यादीत चूक दिसली, समजा मांडणी.सीएसएस आत आली आहे, तर कंट्रोल-सी कंट्रोल-के दाबून बाहेर या. लिहिलेला संदेश फुकट गेला असं वाटून पुष्कळ जण हे टाळतात आणि 'जाऊ दे, एक जास्तीची फाइल' म्हणून पुढे रेटतात. संदेश जात नाही. खुणा दुरुस्त करून पुन्हा व्ही दाबा आणि नव्या संदेशाच्या बफरमध्ये मेटा-पी दाबा, मघाचा मजकूर परत येतो.

एकाच फाइलीतला अर्धाच भाग हवा असेल तर

अनुक्रमणिकेत तुम्ही दोन गोष्टी केल्यात: नव्या कथेची नोंद, आणि खाली कवितांचा क्रम बदललाय. कवितांचं अजून संपादकांशी ठरायचं आहे. म्हणजे फाइल निवडून भागणार नाही, फाइलीतला तुकडा निवडायचा आहे. पूर्वी व्हीसीत हे जमत नसे आणि लोक टर्मिनलकडे किंवा मॅजिट या ईमॅक्समधल्या दुसऱ्या, खास गिटसाठीच्या सोयीकडे वळत. २०२३ मध्ये आलेल्या ईमॅक्स २९ पासून जमतं, आणि फार छान जमतं.

कंट्रोल-एक्स व्ही कॅपिटल डी दाबा. संपूर्ण रिपॉझिटरीतल्या बदलांचा डिफ उघडेल. त्यात प्रत्येक बदललेला तुकडा, म्हणजे हंक, वेगळा दिसतो. एन आणि पी या कळांनी एका हंकवरून दुसऱ्यावर जाता येतं. नको असलेल्या हंकवर के दाबा, तो डिफमधून निघून जातो. कॅपिटल के दाबलं तर त्या अख्ख्या फाइलीचे हंक जातात. घाबरू नका, तुमची फाइल जशीच्या तशी आहे, फक्त डिफच्या बफरमधला तुकडा उडाला. कवितांच्या क्रमाचा हंक उडवा, मांडणी.सीएसएसवर कॅपिटल के, पाऊसवर कॅपिटल के. उरलं ते कमिटमध्ये हवं असलेलं. आता याच बफरमध्ये कंट्रोल-एक्स व्ही व्ही. उरलेले हंक तेवढे कमिट होतात.

डिफच्या खिडकीत नियम बदलतो असं मघाशी म्हटलं ते हे. ईमॅक्स २९ किंवा त्यापुढे असाल तर तिथून केलेलं कमिट म्हणजे डिफमध्ये जे दिसतंय त्याचं कमिट. २८ किंवा आधीच्या आवृत्तीत तीच कळ ज्या बफरमधून डिफ काढला त्याच्या फाइली पूर्णच्या पूर्ण घेते, तुम्ही कितीही हंक उडवलेले असोत. दोन संगणकांवर दोन आवृत्त्या वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मेटा-एक्स ईमॅक्स-व्हर्जन म्हणून आपली आवृत्ती तपासता येते.

आणखी एक अडचण येऊ शकते. गिटच्या स्टेजिंगमध्ये, म्हणजे गिट ॲडने गोळा केलेल्या बदलांत, आधीच काही पडलेलं असेल तर काही आवृत्त्या अशा तुकड्याच्या कमिटला नकार देतात. आपण नवी कथा आय दाबून नोंदवली होती ना, तीही स्टेजिंगमध्येच असते. म्हणून पूर्ण फाइलींचं कमिट आधी आटपा, तुकड्यांचं नंतर.

डायर्डमधून

फाइली आवरता आवरता कमिट करायची सवय असेल तर डायर्डमध्येही, म्हणजे फोल्डरातल्या फाइली दाखवणाऱ्या ईमॅक्सच्या बफरमध्येही, हेच चालतं. एमने खुणा, कंट्रोल-एक्स व्ही व्ही. खूण नसेल तर कर्सरच्या ओळीवरची फाइल. नावाच्या नमुन्यावरून निवडायचं असेल, म्हणजे सगळ्या ऑर्ग फाइली वगैरे, तर टक्क्याचं चिन्ह आणि एम दाबून नमुना देता येतो. पण डायर्डमध्ये न बदललेल्या फाइलीही दिसतात. तीस ऑर्ग फाइलींवर खूण केली आणि त्यातल्या चारच बदललेल्या असतील तर पुन्हा स्थिती जुळत नसल्याची तक्रार येणार. डिफ पाहायला ही निवड चालते, कमिटला नाही. ईमॅक्स २८ पासून डायर्डमध्ये फोल्डरवर खूण करून ही कळ दाबली तर तुम्हाला व्हीसी-डिरमध्ये नेलं जातं आणि त्याच खुणा तिथे केलेल्या मिळतात. शेवटी यादीतच यायचं असेल तर सुरुवातही तिथूनच केलेली बरी.

निवड न बघणाऱ्या आज्ञा

काही कळा फाइलसेटला विचारतच नाहीत. कंट्रोल-एक्स व्ही कॅपिटल पी पुश करते, आणि पुश ब्रँचचं होतं, निवडलेल्या फाइलींचं नाही. अधिकचं चिन्ह पुल करतं, तेही तसंच. लहान एल निवडलेल्या फाइलींचा इतिहास दाखवतो, कॅपिटल एल सगळ्या रिपॉझिटरीचा. बरोबरचं चिन्ह निवडलेल्यांचा डिफ, कॅपिटल डी सगळ्यांचा.

एका कळेबद्दल मात्र हात आखडता ठेवा: कंट्रोल-एक्स व्ही यू. ही कमिट न केलेले बदल फेकून फाइल शेवटच्या कमिटच्या रूपात आणते, आणि ती फाइलसेटवर चालते. पाच फाइलींवर खुणा राहिलेल्या असताना एका फाइलीसाठी ही दाबली तर पाचही धुतल्या जातील. आधी डिफ दाखवून ती विचारते खरी, पण सवयीने यस टाइप करणाऱ्या बोटांना ते दिसत नाही. जे कधी कमिटच झालं नाही ते गिटकडेही नसतं. आणि गिटमध्ये असलेल्या फाइलींच्या शेपटीवाल्या बॅकअप प्रती ईमॅक्स करत नाही, ते मूळ मांडणीतच बंद असतं. या कळेआधी दोन्ही गोष्टी करा, खुणा मोजा आणि डिफ शेवटपर्यंत वाचा.

टर्मिनल आणि व्हीसी एकत्र वापरत असाल तर

गिट ॲड -पी करून टर्मिनलमध्ये पाऊस.ऑर्गचा अर्धा भाग स्टेज केला, मग ईमॅक्समध्ये येऊन त्या फाइलीवर कंट्रोल-एक्स व्ही व्ही दाबलं. अर्धा भाग कमिट होईल असं वाटतं, होते पूर्ण फाइल. व्हीसी आतून गिट कमिटला --ओन्ली हा पर्याय आणि फाइलींची नावं देतं. त्याचा अर्थ स्टेजिंगमध्ये काय आहे ते बाजूला ठेवून या फाइली डिस्कवर आत्ता जशा आहेत तशा घे. दुसऱ्या फाइलींचं स्टेज केलेलं जागच्या जागी राहतं, पण निवडलेल्या फाइलीतला अर्धवटपणा उरत नाही. व्हीसी सबव्हर्जन आणि मर्क्युरियललाही याच कळांनी चालवतं, आणि स्टेजिंग ही गिटची खास चीज आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करणं त्यातूनच आलं. ज्यांना स्टेजिंगशिवाय चैन पडत नाही त्यांनी सरळ मॅजिट घ्यावं, त्यात एस दाबून फाइल किंवा हंक स्टेज होतो आणि जे स्टेज केलं तेच कमिट होतं. दोन्ही एकाच दिवशी एकाच रिपॉझिटरीत वापरू नयेत, एवढं मात्र नव्या माणसाला आवर्जून सांगेन. बोटांना एक पद्धत कळू द्या.

फाइल राहिली, किंवा नको ती गेली

कमिट झालं आणि मग लक्षात आलं की कथेचा छोटा परिचय संपादकीय.ऑर्गमध्ये लिहिला होता, तो राहिला. पुश केलं नसेल तर यादीत संपादकीयवर खूण करा, व्ही दाबा, आणि संदेशाच्या बफरमध्ये कंट्रोल-सी कंट्रोल-ई दाबा. याने अमेंड सुरू होतं आणि जुना संदेशही तिथे येतो. कंट्रोल-सी कंट्रोल-सी केलं की संपादकीय मागच्याच कमिटमध्ये जाऊन बसतं. पुश झालं असेल तर अमेंड करू नका, नवं छोटं कमिट करा. इतरांनी उतरवून घेतलेला इतिहास बदलला की त्यांच्याकडे गोंधळ होतो.

नको ती फाइल गेली असेल, म्हणजे आपला जाहिरातींचा हिशेब, आणि पुश झालं नसेल, तर टर्मिनलमध्ये गिट रिसेट हेड~ द्या. शेवटचं कमिट सुटतं, फाइली डिस्कवर तशाच राहतात. ईमॅक्सच्या यादीत येऊन जी दाबा, यादी ताजी होईल आणि हिशेबाची फाइल पुन्हा अनरजिस्टर्ड दिसेल. नवी कथाही अनरजिस्टर्ड दिसेल, तिच्यावर पुन्हा आय दाबावं लागेल. पुश झाल्यावर मात्र नुसती फाइल काढून भागत नाही. पुढच्या कमिटमध्ये ती दिसली नाही तरी मागच्या कमिटमध्ये ज्याला बघायची त्याला दिसते.

हे टाळायचं असेल तर यादीत हिशेबाच्या ओळीवर कर्सर ठेवून आधीच कॅपिटल जी दाबा. फाइलीचं नाव डॉटगिटइग्नोरमध्ये जातं आणि पुढच्या वेळी जी दाबून यादी ताजी केली की ती ओळ तिथे नसते. डॉटगिटइग्नोर ही फाइल मात्र आता यादीत एडिटेड किंवा अनरजिस्टर्ड म्हणून दिसेल. तिचं कमिट वेगळं करा.